भिंत रिकामी आहे, प्रस्ताव मी मांडायचा आहे

पत्र :

"ताई, आमचं वाचनालय छोटं, एका वस्तीपुरतं. गेल्या वर्षी आम्ही नव्या जागेत आलो. दारातून आत शिरलं की देवघेवीच्या टेबलामागे मोठी रिकामी भिंत दिसते. एका जुन्या सभासदांनी आईच्या स्मरणार्थ देणगी दिली, तीही या भिंतीवर काहीतरी कलाकृती व्हावी म्हणूनच. कार्यकारिणीच्या तीन सभा यावरच झाल्या. एकांना थोर लेखकांचे चेहरे आणि खाली नावं हवीत. एकींना मुलांसाठी जंगल आणि प्राणी हवेत. एक जण म्हणतात, खुली स्पर्धा ठेवू, जिंकेल त्याला प्रमाणपत्र देऊ, प्रसिद्धी मिळेल, आणि वाचलेल्या पैशांत पुस्तकं घेऊ. अध्यक्ष म्हणतात, सभासदांचं मतदान घ्या. देणगीदारांची इच्छा आहे की भिंतीवर आईचा चेहरा दिसावा. मी कार्यवाह, त्यामुळे पुढच्या सभेत प्रस्ताव मी मांडायचा आहे. मला चित्रातलं काही कळत नाही. आणि एवढं सगळं करून लोकांना आवडलं नाही तर?"

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तीन सभांमध्ये जंगलावर बोलणं झालं, लेखकांवर झालं, आईच्या चेहऱ्यावर झालं, पण कलाकार कोण असावा यावर कोणी काही बोलल्याचं दिसत नाही. चित्र आधी आपण ठरवायचं आणि मग ते भिंतीवर उतरवून देणारा कोणीतरी शोधायचा, असं सगळ्यांनी मनात धरलेलं आहे. तुमच्या गोंधळाचं मूळ मला तिथेच दिसतं. चित्र तुम्ही ठरवूच नका. माणूस निवडा. त्याला किंवा तिला वाचनालय नीट दाखवा, वेळ द्या, पैसे द्या, आणि काय करायचं ते त्यांना सुचू द्या.

चित्रातलं कळत नाही म्हणून तुम्ही बिचकलात. पण या कामात कार्यवाहाला जे ठाऊक असावं लागतं ते तुम्हाला आहे. दुपारी कोण येऊन बसतं, परीक्षांच्या दिवसांत कुठली टेबलं भरतात, मुलं कुठल्या कपाटाला पाठ टेकून वाचतात, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या वाचकाला कुठपर्यंत जाता येतं आणि कुठे अडतं. बाहेरून आलेल्या कलाकाराला हे कळायला महिने लागतील. तुम्ही ते एका बैठकीत सांगू शकता, आणि कलाकारासाठी त्याहून मोलाची माहिती नसते.

कलाकार शोधण्याआधी मात्र भिंत तपासा. हे काम कोणाला सुचत नाही आणि पुढची निम्मी दुखणी त्यातूनच येतात. भिंतीच्या पलीकडे काय आहे? स्वच्छतागृह, गच्चीवरून उतरणारा पाइप, की मोकळी हवा? भिंतीत ओल असेल तर पाण्याबरोबर विटा-सिमेंटातले क्षार पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि रंगाचा थर आतून ढकलायला लागतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही चांगल्या हाताने, कितीही महागडा रंग दिला तरी तो फुगणार आणि पापुद्रे सुटणार. हातभर लांबरुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढून बघा. आतल्या बाजूला ओलावा धरला असेल किंवा मागची भिंत काळपट दिसत असेल, तर देणगीतला पहिला खर्च गवंड्यावर करावा लागेल. ही तपासणी जमिनीपासून वीतभर उंचीवर एकदा आणि डोक्याच्या उंचीवर एकदा करा. ओल बहुतेक वेळा खालून चढते.

मग ऊन. दिवसातून तीनदा त्या भिंतीसमोर उभं राहून बघा, ऊन कुठून येतं आणि कुठपर्यंत येतं. रंगीत कागदाची एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून भिंतीवर महिनाभर लावून ठेवा. दोन्ही अर्ध्यांमधला फरक कार्यकारिणीला दाखवलात तर रंग टिकण्याबद्दल वेगळं भाषण करावं लागणार नाही. मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या बाहेरच्या भिंती हुआन ओगॉर्मन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सजवल्या, तेव्हा त्यांनी रंग वापरलाच नाही. वेगवेगळ्या भागांतून नैसर्गिक रंगांचे दगड मिळवले आणि सुमारे ४,००० चौरस मीटरवर त्यांचं मोझेक केलं. उन्हापावसात दगडाचा रंग उडत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. तुमची भिंत आतली आहे, तुम्हाला दगड लागणार नाहीत. पण काय टिकेल आणि काय टिकणार नाही हा प्रश्न ओगॉर्मन यांनी आधी विचारला, तसा तुम्हीही विचारा.

भिंतीची खात्री वाटत नसेल तर काम थेट भिंतीवर करायलाच हवं असं नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १३५व्या रस्त्यावर तुमच्यासारखंच वस्तीतलं वाचनालय होतं. त्याच्यासाठी आरन डग्लस यांनी १९३४ मध्ये चार मोठी चित्रं केली, ती कॅनव्हासवर, तेलरंगात. त्यामुळे ती उतरवता येतात, दुरुस्त करता येतात, दुसरीकडे नेता येतात. आज ती त्याच वाचनालयातून वाढलेल्या शॉम्बर्ग सेंटर या संशोधन ग्रंथालयाकडे आहेत. पण मला ती चित्रं आठवली ती दुसऱ्याच कारणासाठी. आर्तुरो शॉम्बर्ग यांनी आयुष्यभर जमवलेला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा ग्रंथसंग्रह त्या शाखेकडे १९२६ मध्ये आला होता. डग्लस यांनी चित्रांत तोच इतिहास मांडला : आफ्रिका, गुलामगिरी, मुक्ती, शहराकडे आलेली माणसं. आत कपाटांत जे होतं तेच भिंतीवर आलं. ते चित्र दुसऱ्या कुठल्या इमारतीत लावलं असतं तर चांगलंच दिसलं असतं, पण तिथलं वाटलं नसतं.

म्हणून जंगल आणि प्राणी सुचवणाऱ्या बाईंना माझं एवढंच विचारणं आहे की ते जंगल तुमच्याच वाचनालयात का? त्यांची मुलांबद्दलची कळकळ खरी आहे आणि ती कलाकारांना द्यायच्या मसुद्यात आलीच पाहिजे. ती अशी लिहा : "कामाचा काही भाग लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा, हात लावला तरी चालेल असा असावा." त्यातून काय करायचं ते कलाकाराला ठरवू द्या. कदाचित प्राणी येतील, कदाचित आणखी काही येईल.

थोर लेखकांच्या चेहऱ्यांबद्दल मी स्पष्टच बोलते. नावांच्या यादीत सगळं लक्ष कोणाचं नाव राहिलं याकडेच जातं. आज तुम्ही बारा नावं घ्याल आणि उद्या तेरावं का नाही म्हणून कोणीतरी दारात उभं राहील, आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल. शिवाय नावं लिहायची म्हणजे शुद्धलेखन आलं. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या नव्या ग्रंथालयासमोर २००४ मध्ये मोठी सिरॅमिकची कलाकृती बसवली, तिच्यात १७५ नावं आणि शब्द होते. बसवून झाल्यावर कळलं की त्यातल्या ११ ठिकाणी अक्षरं चुकली आहेत, आणि त्यांत आइन्स्टाइन, शेक्सपिअर, मायकेलएंजेलो हीसुद्धा नावं होती. ग्रंथालयाच्या दारात! जगभर बातमी झाली. कलाकाराला शिव्याशापांची पत्रं आली, आणि दुरुस्तीसाठी नगरपालिकेला वेगळे ६,००० डॉलर मोजावे लागले. दोष कलाकाराचा होताच. पण भट्टीत घालण्याआधी पूर्ण मजकूर कागदावर घेऊन ग्रंथालयातल्या कोणी बसून वाचला असता, तर तासाभराचं काम होतं. तुमच्या कामात एकही अक्षर येणार असेल, तर ते पक्कं होण्याआधी ग्रंथपालांच्या आणि आणखी दोघांच्या सहीने तपासलं जाईल, असं करारातच लिहा.

स्पर्धेच्या सूचनेला तुम्ही सभेत ठाम विरोध करा. जिंकेल त्याला प्रमाणपत्र म्हणजे हरतील त्या सगळ्यांचे दोन-दोन आठवडे फुकट, आणि जिंकेल त्याची मेहनतही जवळजवळ फुकट. वाचनालयाने हे करू नये. आपण लेखकाचं पुस्तक विकत घेऊन कपाटात ठेवतो, प्रसिद्धी मिळेल म्हणून लेखकाकडे फुकट मागत नाही. चित्रकाराला वेगळा न्याय का? दुसरं, अशा स्पर्धेत ज्यांना फुकट काम परवडतं तेच उतरतात. अनुभवी कलाकार पहिल्या ओळीतच कागद बाजूला ठेवतात. आणि वाचलेल्या पैशांत पुस्तकं घेण्याचं म्हणाल, तर हे पैसे आपल्याला वाचवायला मिळालेलेच नाहीत. देणगीदारांनी ते एका कामासाठी दिले आहेत. ते दुसरीकडे वळवायचे तर त्यांना आधी विचारायला हवं, आणि मला नाही वाटत तुम्हाला ते विचारायची इच्छा आहे.

करायचं ते असं. एक निवेदन काढा आणि त्यात चित्राचा आराखडा मागूच नका. आधी केलेल्या कामांचे फोटो मागा आणि पानभर लिहायला सांगा की या वाचनालयात काम करावंसं का वाटतं. आलेल्यांतून तिघांना निवडा. तिघांनाही वाचनालयात येऊन बघायला बोलवा आणि मग प्रत्येकाकडून आराखडा मागवा. या आराखड्याचे पैसे तिघांनाही द्या, निवड होवो न होवो. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती आधी जाहीर करा आणि वेळेवर द्या. या एका गोष्टीने तुमच्याकडे येणाऱ्या माणसांची प्रत बदलते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

निवड समिती पाचजणांची पुरे. ग्रंथपाल हवेतच, कारण त्या भिंतीसमोर रोज तेच बसणार आहेत. कार्यकारिणीतले एक. रोज येणारा एक वाचक, शक्यतो तरुण. कार्यकारिणीशी काही नातं नसलेला एक काम करणारा कलाकार, ज्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. आणि इमारतीतलं कळणारं कोणीतरी, अभियंता किंवा अनुभवी गवंडी. समितीतल्या कोणाचा नातेवाईक किंवा विद्यार्थी अर्जदारांत असेल तर त्या व्यक्तीने बाजूला व्हायचं, हे पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून ठेवा. नावं समोर आल्यावर हे बोलायला जीभ रेटत नाही.

आता अध्यक्षांचं मतदान. त्यांचा हेतू मला पटतो, जागा चुकली आहे. तीन तयार चित्रांमधून हात वर करून निवडायला लावलं की सर्वात ओळखीचं चित्र जिंकतं, आणि ज्यांचं हरलं ते कायमचे नाराज होतात. सभासदांना विचारायचं ते सुरुवातीला. कॅन्सस सिटीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या वाहनतळाची भिंत पुस्तकांच्या कपाटासारखी केली आहे : एकेक पुस्तकाचा कणा सुमारे २५ फूट उंच, एकूण २२ शीर्षकं. शीर्षकं वाचकांनी सुचवली, निवड ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळाने केली. वाचकांचं काम कुठे संपतं आणि मंडळाचं कुठे सुरू होतं, हे तिथे आधीच ठरलेलं होतं. तुम्हीही देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. "कुठलं चित्र हवं" असं विचारू नका, त्याला जंगल, सूर्योदय आणि उघडं पुस्तक हीच उत्तरं येतील. "या वाचनालयातली तुमची जागा कोणती? इथे घडलेली एखादी गोष्ट सांगा," असं विचारा. ती वही निवडलेल्या कलाकाराच्या हातात द्या.

आधी न विचारल्याने काय होतं, त्याचं सर्वांत जड उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडलं. सरकारी कचेऱ्यांपुढच्या चौकात रिचर्ड सेरा यांची 'टिल्टेड आर्क' ही १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ मध्ये उभी राहिली. ज्यांना रोज तो चौक ओलांडून कामावर जायचं होतं त्यांच्यापुढे ती एकदम येऊन ठाकली. तक्रारी वाढल्या, १९८५ मध्ये सुनावणी झाली. तिथे १८० जण बोलले आणि त्यांतले १२२ ती राहावी याच बाजूचे होते. तरीही १९८९ मध्ये ती कापून काढली. काम मोठं होतं, कलाकार मोठा होता, सुनावणीत बहुमतही मिळालं. पण ते सगळं बोलणं चार वर्षं उशिरा झालं होतं.

कलाकाराला वाचनालयात बसू द्या असं मी म्हणते, त्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या वाचनालयाच्या निवड समितीवर मी होते. तिघांपैकी एक चित्रकर्ती आराखडा करण्याआधी दोन दिवस नुसती देवघेवीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसली. दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथपालांना विचारलं, परत आलेल्या पुस्तकांत लोकांचं काही राहून जातं का? त्यांनी खणातून एक पत्र्याचा डबा काढला. वाचता वाचता खूण म्हणून घातलेल्या आणि विसरलेल्या वस्तू त्यात त्यांनी साठवल्या होत्या. बसची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, वाळलेलं पिंपळपान, केसांची पिन, अर्धी लिहिलेली यादी, एका मुलाने कापलेला कागदी मासा. एका तिकिटाच्या मागे पेन्सिलीने फक्त "पान ११२, परत वाच" असं होतं. तो डबा इतकी वर्षं खणात होता आणि आम्हा कोणालाही माहीत नव्हता. तिने त्या वस्तू हातभर मोठ्या करून लाकडी फळ्यांवर रंगवल्या आणि भिंतीवर अशा लावल्या की अंगणात वाऱ्याने विखुरल्यासारख्या दिसाव्यात. मासा सर्वांत खाली, गुडघ्याच्या उंचीवर. आमच्यापैकी कोणाला हे सुचलं नसतं, आणि आम्ही आधीच "पुस्तकं वाचणारी मुलं" असा विषय देऊन बसलो असतो तर तिलाही सुचलं नसतं.

आता देणगीदार. त्यांच्याशी सभेआधी, सभेबाहेर, त्यांच्या घरी जाऊन बोला. आईचा चेहरा ठेवणार की नाही हा प्रश्न आधी काढू नका. आई काय वाचायच्या, कुठे बसून वाचायच्या, वाचनालयात कधीपासून येत होत्या, पुस्तक वेळेवर परत करायच्या की उशिरा, हे विचारा. नीट ऐका, आणि त्यांची परवानगी घेऊन लिहून घ्या. मग शांतपणे सांगा की ही भिंत रोज येणाऱ्या प्रत्येकाची आहे, तिच्यावर एकाच घरातला चेहरा आला तर नव्या माणसाला आपण कोणाच्या तरी दिवाणखान्यात आलो असं वाटेल. तुमच्या आईंनाही ते आवडलं नसतं, असं मात्र म्हणू नका. ते त्यांनी ठरवायचं. त्यांच्या आईसाठी जागा जरूर ठेवा : कलाकृतीशेजारी ठळक, सुबक पाटी, आणि जमलं तर एक बसायची जागा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत बिल वुडरो यांचं उघड्या पुस्तकाच्या आकाराचं ब्राँझचं बाक आहे, साखळदंडाला जाडजूड गोळा अडकवलेलं, आणि लोक त्याच्यावर खुशाल बसतात. तुमच्या कलाकाराला विचारा, काम भिंतीवरून खाली उतरून एका बाकापर्यंत येऊ शकेल का? ज्या बाई आयुष्यभर वाचत बसल्या त्यांच्या नावाने कोणीतरी रोज वाचत बसेल. ही कल्पना मला चेहऱ्याइतकीच जवळची वाटते, आणि मला वाटतं देणगीदारांनाही वाटेल. नाही वाटली, तर देणगी परत करण्याची तयारी मनात ठेवून त्यांच्या घरी जा. तशी वेळ बहुधा येणार नाही, पण ती तयारी असली की बोलताना आवाज कापत नाही.

कराराचं थोडक्यात सांगते. पैसे टप्प्याने द्या : सही करताना, अंतिम आराखडा मान्य झाल्यावर, काम निम्मं झाल्यावर आणि पूर्ण झाल्यावर. मजुरी, सामान, शिडी-परांची, वाहतूक, विमा हे कोणाकडे, ते लिहा. काम सुरू असताना वाचनालय किती दिवस आणि कुठल्या वेळी बंद राहील तेही. प्रकाशयोजना विसरू नका, झगमगीत दिवा टाकलात तर समोरच्या टेबलावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल. एकूण रकमेतला दहावा हिस्सा मी नेहमी देखभालीसाठी बाजूला काढायला सांगते. कलाकाराकडून एक पानभर टाचण घ्या : कुठला रंग, कुठल्या कंपनीचा, वरचा थर कसला, पुसायचं कशाने आणि कशाने मुळीच पुसायचं नाही. ते पान सफाई करणाऱ्या मावशींना वाचून दाखवा, फायलीत लावून उपयोग नाही. एका ठिकाणी रंग वाळून वर्ष होत नाही तोच चित्रातल्या आभाळावर सूचनाफलक ठोकलेला मी पाहिला आहे. ठोकणाऱ्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

आणि हक्कांचं कलम. भिंत तुमची, पण काम विकत घेतलं म्हणजे ते मोडण्या-बदलण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. बऱ्याच देशांच्या कायद्यांत कलाकाराचा आपल्या कामाशी असलेला नैतिक संबंध मान्य केलेला आहे. भारतात तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. ते १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि ५ लाख रुपये भरपाई ठरवली. तुम्ही करारात एवढं लिहा : दुरुस्ती लागली तर आधी कलाकाराला कळवू, काम हलवायचं किंवा काढायचं झालं तर अमुक दिवस आधी नोटीस देऊ आणि ते परत नेण्याची संधी देऊ. माहितीपत्रकावर फोटो छापायची परवानगीही आताच घेऊन ठेवा. हा मसुदा एखाद्या वकील सभासदाला दाखवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, लोकांना आवडलं नाही तर. काहींना आवडणार नाही, हे आजच धरून चाला. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या पायऱ्यांशी १९११ पासून बसलेल्या दोन संगमरवरी सिंहांची सुरुवातीला वर्तमानपत्रांनी भरपूर टिंगल केली होती. आज ते त्या ग्रंथालयाचं बोधचिन्ह आहेत. त्यांची 'धीर' आणि 'मनोबल' या अर्थाची नावं १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, महापौर ला गार्डिया यांनी ठेवली. म्हणजे सिंह आधी आले आणि त्यांचा अर्थ वीसेक वर्षांनी, लोकांना त्याची गरज पडली तेव्हा आला. तुम्ही एवढं करा की काम पूर्ण झाल्यावर पहिले सहा महिने कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, असा ठराव आताच करून ठेवा. आलेली प्रत्येक तक्रार त्याच वहीत लिहून घ्या आणि तक्रार करणाऱ्याला कलाकाराशी एकदा बोलायची संधी द्या. अपघात होईल असं काही निघालं, टोकदार कड किंवा सुटलेली फळी, तर मात्र सहा महिने कसले, त्याच दिवशी.

पुढच्या सभेत लांब भाषण करू नका. प्लास्टिकचा तो तुकडा घेऊन जा आणि निवेदनाचा मसुदा वाचून दाखवा. मी सुरुवात लिहून देते, पुढचं तुम्ही भरा :

"आमच्या वाचनालयाच्या प्रवेशाजवळील भिंतीसाठी आणि तिच्यासमोरील जागेसाठी कलाकृती करून हवी आहे. विषय आम्ही ठरवलेला नाही. जागेची मापं, उन्हाच्या वेळा आणि भिंतीच्या तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. इथे रोज लहान मुलं, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी येतात, त्यांच्यापैकी काही चाकाच्या खुर्चीतून. एकूण रक्कम इतकी आहे आणि त्यात सामान व मजुरी धरली आहे. आराखडा सध्या पाठवू नये. आधीच्या कामांचे फोटो आणि पानभर मजकूर पाठवावा. निवडलेल्या तिघांना आराखड्याचं मानधन दिलं जाईल, आणि आराखड्याआधी निदान दोन दिवस वाचनालयात येऊन बसण्याची आमची विनंती आहे."

हा मसुदा सभेआधी ग्रंथपालांना दाखवा. आणि तेवढ्यात विचारून घ्या, परत आलेल्या पुस्तकांत लोकांचं काय काय राहून जातं, आणि त्या वस्तू ते कुठे ठेवतात.